घुशीच्या बिळात टाकलेला सुळा

एका जंगलाच्या काठाला, जिथं झाडी विरळ होत होत खडकाळ माळ सुरू होतो, तिथं एक लांडगा राहत असे. अंगानं धिप्पाड, चालीनं ताठ, आणि दातांचा तर त्याला भारी गर्व. पाणवठ्यावर गेला की आधी पाण्यात स्वतःचे दात बघायचा आणि मग पाणी प्यायचा. त्यातही वरचे दोन सुळे. ते बाभळीच्या काट्यासारखे लांब आणि शुभ्र होते.

लांडग्याला सुळा म्हणजे काय, हे पोरांनो, आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सांगून उपयोग नाही. लांडग्याला हात नाहीत, कोयता नाही, दोर नाही. पळतं जनावर धरायचं ते सुळ्यांनी आणि धरून ठेवायचं तेही सुळ्यांनीच. सुळे आहेत तोवर त्याला लांडगा म्हणायचं. सुळे गेले की तो दुसऱ्याचं उष्टं चघळायला मोकळा.

या लांडग्याच्या घरात लांडगीण होती आणि एक थोरला मुलगा होता. थोरल्याचे दुधाचे दात पडून पक्के दात आले होते आणि बापासारखेच दोन सुळे त्यालाही फुटले होते. बाप त्याला चारचौघांत जबडा उघडायला लावायचा. पोरगं बिचारं लाजायचं, पण उघडायचं.

लांडग्याला एक खोड होती. उद्याचं काम आज करायचं नाही. गुहेच्या तोंडाशी दगड सैल झाला तर म्हणायचा, पडेल तेव्हा बघू. आणि दुखण्याचं तर नावही घरात काढू द्यायचा नाही. नाव काढलं की दुखणं ऐकतं आणि वाट विचारत घरी येतं, असं त्याचा बाप सांगायचा. बापाचा बापही तेच सांगायचा. दोघंही तोंडाचं बोळकं होऊन उपाशी मेले, ही गोष्ट मात्र घरात कुणी सांगत नसे.

शेजारच्या बिळात एक म्हातारी साळू होती. साळू म्हणजे ती अंगभर काटे असलेली, तिला साळिंदरही म्हणतात. तिनं बिळाच्या भिंतीला एक करवंटी टांगून ठेवली होती, वरून दुसऱ्या करवंटीचं झाकण. आत चार लवंगा, खडामिठाचा तुकडा, सावरीचा स्वच्छ कापूस, घोड्याच्या शेपटीचे दोन-तीन लांब केस आणि नदीतल्या शिंपल्याची एक जोडी, डबीसारखी मिटणारी. दर अमावस्येला ती करवंटी खाली काढायची, लवंगेचा वास घेऊन बघायची, वास उडाला असेल तर बदलायची, कापूस ओला झाला असेल तर नवा घालायची.

लांडगा येताजाता तिला चिडवायचा.

"साळूबाई, करवंटीत आजार पाळलाय का?"

"आजार पाळावा लागत नाही, लांडगेदादा," ती म्हणायची. "तो मोकाटच असतो."

लांडगा हसायचा. हसताना सुळे दिसतील एवढं तोंड उघडायचा.

उन्हाळ्यात एकदा लांडग्याच्या दाढेत हाडाची कपची अडकली. दोन दिवस त्यानं कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गाल सुजून डोळा मिटायला लागला, तेव्हाही तो साळूकडे गेला नाही. तिला इतके दिवस हसलेलं होतं ना. तो गेला कोल्ह्याकडे. या कोल्ह्याला सगळ्यांच्या दुखण्यातलं सगळं कळायचं, फक्त स्वतःची खरूज तेवढी दहा वर्षांत बरी झाली नव्हती. कोल्ह्यानं आव आणून तोंडात बघितलं आणि निदान केलं की दाढेत किडा आहे, बिब्बा गरम करून हिरडीवर दाबला की किडा तडफडून मरेल. त्यानं दाबलाही. किडा नव्हताच, तो मरणार कुठून? हिरडी तेवढी भाजली. ओठाचं कातडं सोलून निघालं, जिभेवर फोड आले, आणि पाणी पिताना लांडग्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

शेवटी लांडगीण उठली आणि साळूला बोलावून आली. साळूनं कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरायला लावली, घोड्याचा केस दाढेच्या फटीतून अलगद ओढला, तशी कपची बाहेर आली. नखाएवढी होती. तिनं लवंग ठेचून कापसात गुंडाळून दाढेवर ठेवली.

"दुखत होती एक दाढ," ती म्हणाली. "आता अख्खं तोंड दुखतंय. बिब्बा कुणी सांगितला?"

लांडग्यानं कोल्ह्याचं नाव घेतलं नाही. एवढी लाज त्याला होती.

साळूनं बजावलं की लवंगेनं दुखणं खाली बसतं, निघून जात नाही, तेव्हा सुतारपक्ष्याला दाढ दाखवून या. सुतारपक्षी ओढ्यापलीकडच्या उंबरावर बसायचा आणि जंगलातल्या सगळ्यांचे दात बघायचा. लांडगा हो म्हणाला आणि गेला नाही. दुखायचं थांबलं होतं, मग जायचं कशाला?

जाताना साळूनं लांडगिणीला एक भरलेली करवंटी दिली, आपल्या करवंटीसारखीच. त्यात शिंपलाही होता. लांडग्यानं विचारलं, शिंपल्यात काय मोती ठेवायचे आहेत का? तेव्हा तिनं वानराच्या पोराची गोष्ट सांगितली. ते पोर फांदीवरून पडलं आणि त्याचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला. आई शहाणी. तिनं दात टोकाकडून उचलला, मुळाला बोट लावलं नाही, आपल्या गालफडात लाळेत धरला आणि तडक उंबर गाठला. सुतारपक्ष्यानं दात होता त्या खळग्यात परत बसवला आणि शेजारच्या दाताला वाखाच्या धाग्यानं बांधला. आज ते पोर त्याच दातानं चिंचा खातं.

"पक्का दात पडला तर माती नाही, राख नाही, घासणं नाही," साळू म्हणाली. "शिंपल्यात दूध घालायचं, त्यात दात ठेवायचा आणि पळत सुटायचं. पहिली घटका दाताची असते. दुसरी घटका लागली की दात मेला."

लांडग्याला हसू आलं. ओठ भाजलेला होता तरी तो हसला.

"पडलेलं पान देठाला चिकटतं होय, साळूबाई? आणि लांडग्याच्या घरात दूध कुठून येणार? आमच्या दारात काय म्हशी बांधल्यात?"

 साळू म्हातारी होती, तिला ठाऊक होतं की ज्याला ऐकायचं नाही त्याच्याशी बोलणं म्हणजे आपल्याच तोंडाची वाफ. लांडगीण मात्र कान टवकारून सगळं ऐकत होती.

करवंटी गुहेतल्या कपारीवर ठेवली गेली. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. खडामीठ लांडग्यानं स्वतःच चाटून संपवलं, येताजाता एकेक जीभ. थंडीच्या तोंडाला लांडगीण परत व्याली, तीन पिल्लं झाली, तेव्हा कापूस पिल्लांच्या अंथरुणात गेला. शिंपल्याची जोडी पिल्लांना खेळायला मिळाली. लवंगांचा वास उडाला, मग त्याही कुठं गेल्या कुणास ठाऊक. लांडगीण दोनदा म्हणाली, अहो, तेवढी करवंटी भरून आणा. लांडगा दोन्ही वेळा म्हणाला, भरू की. काय घाई आहे.

आता त्या लांडग्यांच्या टोळीत एक रीत होती. थंडी चांगली पडली की टोळीतल्या वयात आलेल्या प्रत्येक पोराची लोंबणी व्हायची. वडाच्या फांदीला गव्याचं वाळलेलं जाड कातडं टांगायचे. पोरानं उडी मारून ते दातांत धरायचं आणि लोंबत राहायचं. टोळीचा म्होरक्या सावकाश ओढ्यावर जायचा, पाणी प्यायचा आणि सावकाश परत यायचा. तो परत येईपर्यंत जो लोंबला, तो शिकारीत पुढच्या फळीत पळायचा आणि मांडीच्या मांसाला पहिलं तोंड लावायचा. जो आधी पडला, तो मागच्या फळीत जायचा आणि सगळ्यांचं खाऊन उरेल ते खायचा. हे एका सालापुरतं नव्हतं. जन्मभरासाठी होतं. लोंबणी दुसऱ्यांदा होत नसे.

थोरल्याच्या लोंबणीला आठ दिवस राहिले होते. लांडगा रोज सकाळी त्याला खडकावर न्यायचा. तिथं एक जुनी वेल लोंबत होती, तिच्यावर सराव चालायचा. पोरगं चांगलं लोंबायचं, अगदी बापाला अभिमान वाटावा असं. वेल वरच्या अंगाला विरत चालली होती. लांडग्याला ते दिसलं होतं. तुटेल तेव्हा बघू, असं तो मनात म्हणाला होता.

त्या सकाळी ऊन नुकतंच डोंगरावर आलं होतं. थोरला चार वेळा लोंबला. पाचव्या वेळी म्हणाला, "आबा, आज पुरे. जबडा भरून आलाय."

"म्होरक्यासमोर असंच म्हणणार का?" लांडगा म्हणाला. "चढ वर. कडेवरून मार उडी."

पोरगं चढलं. बापाचा शब्द मोडायचं वळण नव्हतं घरात. त्यानं उडी मारली, वेल दातांत धरली, आणि वेल तुटली. थोरला तोंडावर खडकावर आदळला.

उठला तेव्हा तोंडातून रक्ताची धार लागली होती. गवतात त्याचा वरचा डावा सुळा पडला होता, मुळासकट, कुठंही न मोडता. बाहेर दिसायचा त्याच्या दुप्पट लांब होता तो. लांडग्यानं असा अख्खा सुळा पहिल्यांदाच बघितला. इतका दात आत असतो, हे त्याला माहीत नव्हतं.

दोघं घरी आले. लांडगीण गुहेत आडवी होती, तीन पिल्लं तिला लुचत होती. पोराचं तोंड बघून तिनं आरडाओरडा केला नाही.

"दात कुठाय?" तिनं विचारलं. "आणलात का? अहो, साळूबाईंना हाक मारा आधी."

लांडग्यानं कपारीवर पंजा घातला. करवंटी होती. आत लवंगेचं एक देठ होतं, बाकी काही नाही. त्यानं ती परत ठेवली. त्याच्या मनात तेव्हा दोन गोष्टी होत्या. एक अशी की साळूला बोलावलं की गोष्ट टोळीत जाणार आणि लोंबणीच्या आधीच पोराचं नाव जाणार. दुसरी अशी की पडलेल्या दाताचं काय करायचं हे आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. पडलेला दात बोरीखालच्या घुशीच्या बिळात टाकायचा. घूस जुना घेते आणि नवा देते. थोरल्याचे लहानपणचे सगळे दात त्यानं तिथंच टाकले होते, आणि प्रत्येक वेळी नवा आला होता. एकदाही चूक झाली नव्हती. मग साळूचं ऐकायचं की डोळ्यांनी बघितलेलं खरं मानायचं?

"दाताचं मी बघतो," तो म्हणाला. "तू पोराला बघ."

"बघता म्हणजे काय बघता? त्या म्हणाल्या होत्या, घासू नका, दुधात..."

"आमच्या घराण्यात मला शिकवू नकोस."

एवढं म्हणून तो दात घेऊन बाहेर पडला. बाहेर येऊन त्यानं तो वणव्याच्या जुन्या राखेत चांगला घोळला आणि खरखरीत जिभेनं घासला, कारण घाण दात दिला तर घूस घाण दात देते असं बाप सांगायचा. मुळावर एक पातळ गुलाबी सालटी होती. ती निघेना म्हणून त्यानं दगडावर घासून काढली. दात हाडासारखा पांढरा झाला तेव्हा त्याचं समाधान झालं. मग तो चालत निघाला. पळायचं नाही, मागं बघायचं नाही, अशी रीत होती. रीत म्हणजे रीत. वाटेत कोल्हा भेटला आणि तोंडात काय आहे म्हणून विचारू लागला. लांडग्यानं मान हलवून काही नाही अशी खूण केली आणि पुढं गेला. बोरीखाली पोचल्यावर त्यानं बिळाला सात फेरे घातले आणि मग म्हणाला:

"घूसमावशी, जुना घे, नवा दे. बोथट घे, टोकदार दे."

सुळा बिळात टाकला. आत कुठंतरी टक्‌ असा आवाज झाला. लांडगा हलक्या मनानं घरी आला.

घरात साळू आली होती. लांडगिणीनं पिल्लं अंगावेगळी न करता नुसतं तोंड वर करून हाक दिली होती आणि म्हातारी होती तशी उठून आली होती, आपली करवंटी घेऊन. तिनं थोरल्याच्या खळग्यावर कापसाचा बोळा धरला होता. रक्त थांबलं होतं.

"दात द्या," साळू म्हणाली. "अजून थोडा वेळ आहे. मी शिंपला उघडून ठेवलाय."

"दिला," लांडगा म्हणाला.

"कुणाला दिला?"

"घुशीला."

साळूनं शिंपला मिटला. 

"लांडगेदादा," ती म्हणाली, "तो दुधाचा दात होता का?"

 उत्तर नसलं की माणूस काय करतो ते तुम्ही बघितलंच असेल, लांडगाही तेच करतो. तो चिडला. म्हणाला की साळूबाईंना बोलायला काय जातं, दुधात ठेवा म्हणे, लांडग्यानं दूध आणायचं कुठून?

लांडगीण आडवीच होती. तिनं आधी आपल्या पोटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"तीन तोंडं लागलीत अंगाला," ती म्हणाली. "आणि म्हणे दूध कुठून आणायचं."

लांडगा तिथून निघाला तो या वेळी पळत. आधीच असा पळाला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. बोरीखाली घूस बिळाच्या तोंडाशी बसून काहीतरी कुरतडत होती. त्यानं ओळखलं ते काय आहे. मुळाकडचं टोक अर्धं झालं होतं.

"मावशी, तो परत दे," लांडगा म्हणाला. "नवा नको. तोच दे."

घुशीनं दात खाली ठेवला. "घ्या की. मला काय, दात झिजवायला हाड लागतं. तुम्ही आणून टाकता, बरं पडतं."

"तू नवे देतेस ना?"

"मी?" घूस त्याच्याकडे बघत राहिली. थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं. "मी कुठून देऊ? पिल्लाचा दात पडतो कारण खालून दुसरा त्याला ढकलत असतो. तुम्ही इथं येऊन फेरे घाला, नाहीतर घरी झोपा, तो येणारच. पक्क्याच्या खाली कुणी बसलेलं नसतं, लांडगेदादा. एवढं तर आम्हा घुशींनाही कळतं."

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही," घूस म्हणाली आणि आत गेली.

लांडग्यानं कुरतडलेला सुळा उचलला. या वेळी टोकाकडून उचलला, मुळाला धक्का न लावता. साळूनं शिकवलेलं त्याला आता सगळं आठवत होतं, शब्द न्‌ शब्द. घरी आल्यावर लांडगिणीनं शिंपल्यात दूध पिळून दिलं.  थोरल्याला घेऊन लांडगा ओढा ओलांडून उंबरापाशी पोचला, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, दुसरी घटकाही उलटली होती.

सुतारपक्ष्यानं कधी पडला म्हणून विचारलं. लांडग्यानं सांगितलं. पक्ष्यानं शिंपला उघडला, दात चोचीनं उलटा केला, मूळ बघितलं, परत उलटा केला.

"राखेनं घासलात?"

लांडग्यानं मान डोलावली.

"सालटीही काढलीत. जो धागा हिरडीला धरतो, तोच काढून टाकलात." पक्षी रागावला नव्हता. रोज असले दात बघून त्याचा राग संपला होता. "मुळासकट अख्खा होता. घटकेच्या आत नुसता लाळेत धरून आणला असतात, तरी बसवायचा प्रयत्न केला असता. बसला असता बहुतेक. तरणं पोर आहे."

 थोरल्यानं विचारलं, "दुसरा येईल का?"

"नाही," सुतारपक्षी म्हणाला.

त्यानं खळगा स्वच्छ केला, मिठाच्या पाण्याच्या चुळा सांगितल्या आणि लांडग्याला जाता जाता एवढंच म्हणाला की आलाच आहात तर तुमची ती दाढ दाखवून जा. लांडग्यानं दाखवली. आतून किडली होती.

आठ दिवसांनी लोंबणी झाली. थोरल्यानं उडी चांगली मारली. कातडं धरलं. एका सुळ्यावर सगळं अंग पेलत तो लोंबला, मान वाकडी करून, डोळे मिटून. म्होरक्या अजून ओढ्याच्या वळणापर्यंतही गेला नव्हता, तोच कातडं दातांतून सरकलं. पडल्याचा आवाज ऐकून म्होरक्या थांबला, वळून बघितलं, आणि पाणी प्यायला पुढं गेला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

थोरला मागच्या फळीत गेला. परत येताना कोल्हा लांडग्याच्या बाजूनं चालू लागला आणि सांत्वन करू लागला की नशिबापुढं कुणाचं चालत नाही, पोराच्या कपाळात नव्हतं ते.

"नशीब कसलं," लांडगा म्हणाला. "करवंटी होती माझ्याकडे."

त्यानंतर लांडग्यानं करवंटी भरली. लवंगा, मीठ, कापूस, केस, शिंपला, सगळं. अमावस्येला काढून वास घेऊन बघायचा, साळूपेक्षा जास्त काळजीनं. आणि दिसेल त्याला सांगत सुटायचा की घरात एवढं ठेवा, पक्का दात पडला तर असं करा, हिरडीवर बिब्बा लावू नका. पाणवठ्यावर रानडुकराला सांगितलं, त्याचे तर सुळे बाहेरच असतात. रानडुकरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालं:

"लांडगेदादा, करवंटीत आजार पाळलाय का?"

सगळा पाणवठा हसला. लांडगा उभा राहिला खाली मान घालून.  शब्द त्याचेच होते.

थोरला रोज शिकारीला जायचा, सगळ्यांच्या मागं पळायचा, आणि सगळ्यांचं खाऊन झालं की हाडं चघळत बसायचा. बापाला तो कधी उलटून बोलला नाही. डाव्या बाजूचा ओठ मिटून बोलायची त्याला सवय लागली होती, तेवढंच. लांडगा रोज ते बघायचा. भरलेली करवंटी कपारीवर असायची, तिच्याखालून थोरला जायचा यायचा, आणि वर बघायचा नाही.

होळी होऊन गेली आणि त्या तीन पिल्लांतल्या एकाचा दात पडला. पिल्लू दात पंजात घेऊन नाचत बापाकडे आलं. लांडग्यानं दात बघितला. त्यानं करवंटी ओढली, शिंपला काढला, दूध, दूध म्हणत गुहाभर फिरला. लांडगिणीचं दूध तेव्हा आटलं होतं. मग त्यानं दात टोकाकडून धरून गालफडात ठेवला, पिल्लाला मानगुटीला धरायला वाकला. उंबराकडे पळायचं होतं, घटका सुरू झाली होती.

थोरला दारात आडवा उभा राहिला.

"आबा, थांबा," तो म्हणाला, ओठ मिटून. "तो दुधाचा आहे. त्याच्या खाली दुसरा आहे. हा टाका बिळात."

आणि तो मागच्या फळीत पळायला निघून गेला. टोळी पुढं गेली होती.

तात्पर्य : घरात लवंग ठेवल्यानं दुखणं येत नाही, आणि न ठेवल्यानं ते वाट चुकत नाही. ते येईल तेव्हा तुमची रीत विचारणार नाही, किती वेळ लावला तेवढंच बघेल.